लिंबूटिंबूंचा डाव

भातुकलीचे नियम आपल्याला कुणी शिकवले होते हो? जरा आठवून बघा. सागरगोटे कसे झेलायचे ते मोठ्या बहिणीने दाखवलं. लंगडीत पाय टेकला की बाद, हे मैदानावर कळलं. पत्ते वडिलांकडून नाहीतर मामाकडून शिकलो. पण भातुकली? ती कुणीच शिकवली नाही. एकीने म्हणायचं, "मी आई." दुसरी म्हणायची, "मी शेजारीण." आणि तिसरी, जी नेहमी उशिरा यायची, तिला पाहुणी व्हावं लागायचं. चुरमुऱ्यांचा भात, गूळ-शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू, की झाला संसार सुरू! मध्येच कुणी तरी सांगायचं, "आता रात्र झाली." की भर दुपारी सगळ्या डोळे मिटून गप्प पडायच्या. एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी ते खरं मानायचं, एवढा एकच नियम. त्याच्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्याच्या सुट्ट्या निघून जायच्या.

मैत्रिणींनो, हाच खेळ आज जगभर मोठी माणसं खेळतात म्हटलं तर पटेल? त्याला म्हणतात 'रोल प्लेइंग गेम', म्हणजे सोंग घेऊन खेळायचा खेळ. मोबाइलवरचा नव्हे हं. टेबलाभोवती किंवा सतरंजीवर चार-पाच जणांनी समोरासमोर बसायचं. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगायला लागतो, "तुम्ही एका जंगलात आहात, अंधार पडलाय, समोर एक पडका वाडा दिसतोय. काय करता?" बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी म्हणतं, मी दार ढकलते. कुणी म्हणतं, मी आधी मागच्या बाजूने बघून येते. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. फाशाने दिलेला कौल घेऊन गोष्ट पुढे सरकते. यात कुणी कुणाला हरवत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली बाजारात आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही २०१६ साली सुरू झालेली मालिका तुमच्या घरातल्या कॉलेजवाल्यांनी पाहिली असेल, तर त्यातली मुलं तळघरात बसून हाच खेळ खेळताना त्यांना आठवतील.

पुस्तकं वाढली, माणसं उठली

सुरुवातीला या खेळाची तीन लहान पुस्तकं होती, एका खोक्यात मावणारी. मग लोक विचारायला लागले. घोड्यावरून उडी मारली तर किती लागतं? अंधारात बाण मारला तर? दोघांनी एकदम वार केला तर? प्रत्येक प्रश्नाला एक नियम आला. शिवाय ठिकठिकाणी स्पर्धा भरू लागल्या. मग सगळीकडे एकच कायदा हवा, हे ओघानं आलंच. १९७७ ते १९७९ या काळात त्याच खेळाची तीन जाडजूड पुस्तकं आली. त्यातलं नुसतं सूत्रधारासाठीचं पुस्तकच दोनशेहून अधिक पानांचं होतं.

आपल्याकडे खो-खोचं असंच झालं की. गल्लीत आपण हव्या तेवढ्या पोरी बसवून खेळायचो. पण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, आणि मग मैदानाची मापं आली, वेळ आली, पंच आले. स्पर्धेला ते लागतंच. पण म्हणून गल्लीतल्या खो-खोला कुणी टेप घेऊन मापं काढली नाहीत!

गंमत म्हणजे त्याच १९७७ साली एक उलटी गोष्टही घडली. जॉन एरिक होम्स नावाचे एक गृहस्थ मेंदूविकाराच्या शास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना दिसलं, की नव्या माणसाला ही मूळची पुस्तकं उमगत नाहीत. त्यांनी स्वतःहून पुढाकार घेतला आणि नवशिक्यांसाठी ४८ पानांची सोपी पुस्तिका तयार केली. तेव्हापासून आजपर्यंत हे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहताहेत. एकीकडे नियम वाढवणारे, दुसरीकडे छाटणारे. २०१४ साली आलेल्या आवृत्तीत कंपनीनेच बरीच छाटणी केली. परिस्थिती तुमच्या बाजूची असली तर वेगळी आकडेमोड नको, दोन फासे टाका आणि मोठा आकडा धरा, असं सांगितलं. प्राथमिक नियम तर फुकट वाचायला दिले.

आणि हे भांडण त्याच्याही आधीचं बरं का. १८२४ साली प्रशियाच्या, म्हणजे आताच्या जर्मनीकडच्या लष्करात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर लढाई खेळायचा एक खेळ आणला. अधिकाऱ्यांना सराव व्हावा म्हणून. त्यात फासे, तक्ते आणि हिशोबच हिशोब होते. खेळ घेणारे पंच त्यातच अडकून पडायचे. शेवटी १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने लिहिलं, की हे तक्ते बाजूला ठेवा, लढाई पाहिलेला अनुभवी माणूस पंच नेमा आणि काय झालं ते त्याला सांगू द्या. शिस्तीसाठी नावाजलेल्या प्रशियाच्या फौजेतच हे घडावं, याची मला तर मोठी मौज वाटते.

एकाच घरातल्या दोन दुपारी

हे सगळं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे कोरेगावला राहायला आला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. बॅगेत कपडे कमी आणि जाड पुस्तकं जास्त. म्हणाला, "मामी, आज सगळ्यांनी खेळायचं." मी, सातवीतली लेक, शेजारच्या काकू आणि आमच्या सासूबाई, अशा सतरंजीवर बसलो. आधी प्रत्येकीने आपलं पात्र तयार करायचं होतं. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप अशा सहा गुणांचे आकडे काढायचे. मग जात वेगळी, पेशा वेगळा, हत्यारं वेगळी. तास उलटून गेला तरी आम्ही कागदच भरत होतो. काकू म्हणाल्या, "अगं, रेशन कार्डाला सुद्धा इतकी माहिती लागत नाही." आणि दळण राहिलंय म्हणून उठल्या. सासूबाई तर आधीच भिंतीला टेकून पेंगत होत्या.

दुसऱ्या दिवशी भाच्याने पुस्तकं उघडलीच नाहीत. नुसता एक कागद घेऊन बसला. जॉन हार्पर नावाच्या माणसाने २०१३ साली 'लेझर्स अँड फीलिंग्ज' नावाचा एका पानाचा खेळ लिहिलाय, अवकाशयानाचा. तो फुकट मिळतो. त्याच बेतावर भाच्याने आमच्यासाठी मराठी खेळ मांडला होता.

त्यातला नियम असा. प्रत्येकीने २ ते ५ मधला एक आकडा घ्यायचा. तोच तिचा स्वभाव. मोठा आकडा म्हणजे डोकं जास्त चालतं, लहान आकडा म्हणजे माया जास्त. डोक्याचं काम करताना फाशावर आपल्या आकड्यापेक्षा कमी पडलं पाहिजे. मायेचं काम करताना जास्त पडलं पाहिजे. आणि नेमका आपलाच आकडा पडला, तर काम होतंच, वर सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. संपले नियम! फासा सापशिडीच्या डब्यातला.

सासूबाईंनी विचारलं, "यात हरतं कोण?"

"कुणीच नाही, आजी."

"मग बसते बाई."

गोष्ट आमच्याच गावातली. उद्या सकाळी कोरेगावात लग्न आहे. पुण्याहून वऱ्हाड रेल्वेने आलं, स्टेशनवर उतरलं, आणि गाडी हलल्यावर कळलं, की शालू आणि दागिन्यांची ट्रंक डब्यातच राहिली. गाडी निघाली रहिमतपूर, कराडकडे. आता काय करता? काकू झाल्या करवली, आकडा ५. लेक फोटोग्राफर, आकडा ३. मी आचारी, आकडा ४. आणि सासूबाईंनी पटकन सांगून टाकलं, "मी बँडमास्तर." आकडा २.

काकूंनी स्टेशनमास्तरांना ट्रंकेची अशी काही चोख खूण सांगितली, की रहिमतपूरला फोन गेलाच. फाशावर ३ पडले होते. पण तिथे गाडी येऊन निघूनही गेली होती. आता रात्री कराड गाठायचं. एकच जीप उभी आणि तिचा ड्रायव्हर घोरतोय. त्याला उठवायचं कसं? आम्ही हाका मारायच्या गोष्टी बोलत होतो. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उठवायचं कशाला? त्याच्या लग्नात मी जे वाजवलं होतं, तेच हळू वाजवते. आपोआप उठेल." फासा टाकला. पडले नेमके २! म्हणजे प्रश्नही विचारायचा होता. त्यांनी विचारलं, "हा खरंच झोपलाय, का भाडं वाढवून घ्यायला सोंग करतोय?" आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी होतो. घरात लग्न होऊन आले त्याला अठरा वर्षं झाली, पण सासूबाईंना असं काही सुचत असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

सोपेपणात आहे काय?

पहिल्या दिवशीचीच माणसं, तेच घर, तीच दुपार. मग फरक कशाने पडला? मला वाटतं, जाड पुस्तक समोर असलं की आपण आधी यादी बघतो. आपल्याला काय काय करायची परवानगी आहे? यादीत नसेल ते सुचतच नाही. हळू बँड वाजवून माणूस उठवायचा नियम कुठल्या पुस्तकात असणार? नियम थोडे असले की आधी सुचतं आणि मग फासा पडतो. आपल्यासारख्यांना दिवसभर याद्याच असतात. काय चालतं, काय चालत नाही, कुणाला काय आवडतं. दोन तास तरी यादीशिवायचे मिळाले तर जीव हलका होतो.

दुसरं म्हणजे वेळ. तीनशे पानं वाचायला ज्याला निवांतपणा आहे, तोच खेळात मुरतो, आणि मग पुस्तक त्याच्या हातात म्हणजे सत्ताही त्याच्याच हातात. "तुला कळत नाही, राहू दे," हे वाक्य बुद्धिबळापासून क्रिकेटपर्यंत किती जणींनी ऐकलंय! पाच मिनिटांत कळणाऱ्या खेळात ते म्हणायची सोयच उरत नाही. सासूबाई आणि नात एकाच पायरीवर येतात. पैशांचंही आहेच. त्या जाड पुस्तकांना हजारांत पैसे मोजावे लागतात. इथे एक कागद आणि एक फासा.

आपल्या खेळांना हे आधीपासून माहीत होतं. लहान भावंड मागे लागलं की आपण त्याला हाकलत नव्हतो, लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो बाद व्हायचा नाही, पण तो डावात असायचा. आपल्या भागातला हादगा आठवा. फेर संपला की खिरापत ओळखायची. आंबट का गोड? ओली का सुकी? एवढ्या दोन प्रश्नांवर सगळ्या पोरी डब्याभोवती कोंडाळं करायच्या. मंगळागौरीच्या रात्री सासू-सुनेचं खोटं भांडण रंगायचं, तेही सोंगच. सून झालेलीने सासूला मनातलं ऐकवून घ्यायचं आणि सगळ्यांनी हसायचं. हे सारं आपण करत होतो. फक्त ठरावीक वय झालं, की भातुकली माळ्यावर गेली. पुण्याचे विलास करंदीकर यांनी भातुकलीच्या भांड्यांचा मोठा संग्रह केला, प्रदर्शनं भरवली. जुन्या बायका ती इवलीशी भांडी बघून हरखतात, ते काय पितळेमुळे थोडंच!

नियम थोडे, पण पक्के

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नियम कमी झाले की सगळं गोडच होतं, असं नाही. आठवा बरं, भातुकलीत आई कोण व्हायची? जिची भांडी ती! आणि गरीब स्वभावाची मुलगी दरवेळी धुणी-भांड्याला. मोकळ्या खेळात मोठ्या आवाजाची चलती होते. आमच्याही खेळात काकू आणि मी इतक्या बोलायला लागलो, की लेक दोन वेळा तोंड उघडून गप्प बसली. नियम हे गप्प बसणाऱ्याचं राखण असतं, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मग आम्ही एक युक्ती केली. वाघ्या घेवडा हे आपल्या कोरेगावचं भूषण, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्याचे तीन तीन दाणे प्रत्येकीपुढे ठेवले. काही करायचं तर एक दाणा मधल्या वाटीत टाकायचा. आपले तीन संपले, की सगळ्यांचे संपेपर्यंत थांबायचं. मग पुन्हा वाटप. लेकीचा तिसरा दाणा शेवटपर्यंत उरला होता. सगळ्या तिच्याकडे बघत थांबलो. तिने कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून ट्रंक कुठल्या डब्यात होती, ते शोधून काढलं. एका छोट्या नियमाने तिला जागा करून दिली.

नियम किती हवेत, याचं उत्तर मला आपल्या स्वयंपाकघरात सापडतं. आजी म्हणायची, "अंदाजाने मीठ घाल." तिला ते ठीक होतं. पण नव्या मुलीचा अंदाज येणार कुठून? कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, त्यात मापं वाटी-चमच्यात होती. घरातलीच वाटी, घरातलाच चमचा. पहिल्यांदा चुलीपुढे उभी राहिलेली मुलगी सुद्धा त्या मापाने धीर धरून पदार्थ करू शकली. खेळाचंही तसंच. नवख्याला धीर येईल एवढं माप हवं, आणि हात बसल्यावर अंदाजाला मोकळीक हवी.

जाड पुस्तकांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. भाचा आणि त्याचे मित्र एकच गोष्ट महिनोन् महिने खेळताहेत. त्यांना त्या बारकाव्यांत रस आहे, आणि पुरणपोळी करायला वेळ असणाऱ्याने पुरणपोळी जरूर करावी. पण पाहुणे दारात असताना पोहे बरे, हे कुणाही गृहिणीला सांगायला नको.

तुम्हाला मांडायचा असेल तर

भिशीला जमता ना? पुढच्या वेळी अर्धा तास काढून बघा. चार-पाच जणी पुरतात. आकड्यांचा खेळ वर सांगितलाच आहे. फासा नसला तर फाशाविनाही जमतं. ॲलेक्स रॉबर्ट्स यांच्या 'फॉर द क्वीन' या २०१९ च्या खेळात फासा नाही आणि सूत्रधारही नाही. सगळ्या जणी एका राणीबरोबर खडतर प्रवासाला निघालेल्या असतात. आपापल्या पाळीला एक पत्ता उचलायचा, त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पात्राच्या तोंडून द्यायचं. नकोसा प्रश्न आला तर तो बाजूला ठेवता येतो. शेवटी राणीवर हल्ला होतो आणि प्रत्येकीला ठरवावं लागतं, तिच्यासाठी उभं राहायचं की नाही?

भिशीत चिठ्ठ्या असतातच. त्यावर पंधरा-वीस प्रश्न लिहा. गोष्ट आपल्या ओळखीची घ्या. यात्रेला निघालेली बस, लग्नघर, पावसात अडकलेली एसटी. 'निघताना तुम्ही घरी काय विसरलात?' 'शेजारी बसलेली बाई तुम्हाला का ओळखीची वाटते?' असे साधे प्रश्न पुरतात. तीनच गोष्टी पक्क्या ठेवा. एक, प्रत्येकीची पाळी येणारच. दोन, एखादा विषय नको वाटला तर कारण न सांगता 'नको' म्हणता येईल, आणि कुणी त्यावर पुन्हा टोकणार नाही. तीन, सोंगात बोललेलं सोंगातच राहील, ते गल्लीत जाणार नाही. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

आणि हो, घरात दहावी-बारावीचं मूल असेल, तर त्यालाच सूत्रधार करा. या वयाची मुलं आपल्याशी मोजकंच बोलतात. "जेवलास?" "हो." "पेपर कसा गेला?" "बरा." एवढ्यावर दिवस जातो. पण तेच मूल सूत्रधार झालं की विचारतं, "आता तू काय करशील?" आणि आपलं उत्तर येईपर्यंत थांबतं. आईला काय सुचतंय, हे कान देऊन ऐकतं. अशी संधी दुसऱ्या कुठल्या निमित्ताने मिळते, सांगा बरं?

भाचा पुण्याला परत गेला. त्या मराठी खेळाचा कागद मात्र आमच्याकडे राहिला. परवा काकूंच्या दोन बहिणी आल्या होत्या, तेव्हा त्यांनी तो मागून नेला. सासूबाईंनी देताना बजावलं, "बँडमास्तर माझा आहे हं. त्यांना दुसरं काहीतरी घ्यायला सांग."